सोसायटीच्या आवारातलं पावसाचं पाणी: जबाबदारी कुठपर्यंत, नियम कोणते आणि सुरुवात कुठून

प्रश्न असा आहे. ठाण्याच्या पाचपाखाडीतली तळमजला अधिक चार मजल्यांची, पस्तीस वर्षं जुनी सोसायटी. भूखंड साधारण १,००० चौरस मीटरचा. गेली काही वर्षं जोराचा पाऊस झाला की आवारात पाणी साचतं आणि तळमजल्याच्या दोन घरांत शिरतं. शेजारच्या जागेवर पुनर्विकासाची इमारत उभी राहतेय. त्यांनी भराव टाकून आवार दोन फुटांनी उचललं आहे. समोरचा रस्ता काँक्रीटचा झाला, तोही वर आला. त्यातच महापालिकेची नोटीस आली: गच्चीचं पाणी मलवाहिनीच्या चेंबरमध्ये सोडलेलं आहे, ते तोडा. सोसायटीच्या सचिवताई विचारतात, नियमानं जबाबदारी कुणाची? शेजाऱ्यांना अडवता येईल का? रेनवॉटर हार्वेस्टिंगचे खड्डे घेतले तर पाणी साचायचं थांबेल का? आणि खर्च कुणी करायचा?

ताई, ठाण्यात सोसायट्यांच्या निचऱ्याची कामं करताना असे प्रश्न मला दर उन्हाळ्यात येतात, आणि बहुतेक वेळा भांडणानं सुरुवात झालेली असते. कमिटीनं शेजाऱ्यांना पत्र लिहिलेलं असतं, नगरसेवकांना भेटून झालेलं असतं, पण आपल्याच आवाराची लेव्हल, म्हणजे कुठली जागा किती उंचीवर आहे, हे कुणी मोजलेलं नसतं. माझी विनंती आहे की क्रम उलटा करा. तुमच्या भूखंडावर पडलेलं पाणी महापालिकेच्या पावसाळी गटारापर्यंत नीट पोहोचवणं ही सोसायटीची जबाबदारी आहे. त्यापुढे ते वाहून नेणं महापालिकेचं काम. हद्दीच्या अलीकडचं सगळं आपण चोख केलं की मगच पलीकडच्याला जाब विचारता येतो, आणि तेव्हा तो जाब टिकतो.

म्हणून पहिलं काम लेव्हलचं. एक सर्वेअर बोलवा. एवढ्या भूखंडाला अर्धा दिवस पुरतो. त्याच्याकडून एका नकाशावर या लेव्हल मांडून घ्या: गच्चीच्या पाइपांच्या तोंडाशी, इमारतीच्या जोत्याची, आवाराच्या चारही कोपऱ्यांची, आतल्या गटाराच्या तळाची सुरुवातीला आणि शेवटी, रस्त्याच्या कडेची, रस्त्याकडेच्या पावसाळी गटाराच्या तळाची, आणि शेजारच्या भरावाची. शेवटून दुसरा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. रस्ता वर आला म्हणजे गटाराचा तळही वर आला असेलच असं नाही. तो तुमच्या गटाराच्या शेवटच्या टोकापेक्षा खाली असेल तर पाणी पंपाशिवाय निघेल आणि काम स्वस्तात होईल. वर असेल तर कितीही रुंद गटार बांधा, पाणी उभंच राहणार. पुढे महापालिकेला, शेजाऱ्याला किंवा कोर्टाला दाखवायचं झालं तरी हाच नकाशा कामाला येतो. फोटोत पाणी दिसतं, उतार दिसत नाही.

आता नोटीस. ती बरोबर आहे आणि तिच्यावर वाद घालू नका. पावसाचं पाणी आणि मैलापाणी या दोन वेगळ्या व्यवस्था आहेत आणि त्या वेगळ्याच राहायला हव्यात. मलवाहिनीचा पाइप संडास-मोरीच्या पाण्याच्या हिशेबानं घातलेला असतो. त्यात गच्चीचं पाणी सोडलं की तासाभरात तो तुंबतो, आणि ते पाणी परत फिरतं ते सगळ्यात खालच्या घरातल्या संडासातून. तुमच्या तळमजल्याच्या घरांत शिरणारं पाणी दारातून येतं की न्हाणीघराच्या मोरीतून उलटं येतं, हे त्या कुटुंबांना विचारा. मोरीतून येत असेल तर निम्मं दुखणं या जोडणीतच आहे.

उलट बाजूही तपासा. जुन्या ठाण्यात भूमिगत मलवाहिन्या टप्प्याटप्प्यानं आल्या. त्याआधीच्या इमारतींना सेप्टिक टँक होते आणि त्यांचं वरचं पाणी पुष्कळ ठिकाणी उघड्या गटारात सोडलेलं असे. नंतर मलवाहिनी आली, तरी एखाद-दुसरी जुनी लाइन गटाराला तशीच जोडलेली राहिली. हे शोधणं सोपं आहे. प्लंबरला सांगून प्रत्येक विंगच्या संडासात पाण्यात विरघळणारा रंग ओता आणि दोन्हीकडची चेंबरं उघडून बघा. रंग पावसाळी गटारात दिसला तर तुमचं मैलापाणी नाल्यातून थेट खाडीत जातंय. नोटिशीत तो मुद्दा नसला तरी त्याच कामात तो मिटवून टाका. खाडीकाठी मासेमारी करणारी कुटुंबं अजून आहेत.

गच्चीचं पाणी मलवाहिनीतून तोडलं की ते जाणार कुठे? आवारातल्या गटारात. मग ते गटार एवढं पाणी पेलेल का, हा खरा प्रश्न. याचा हिशेब आठवीतल्या मुलाला जमेल इतका सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तुमचा भूखंड १,००० चौरस मीटर. समजा इमारतीखाली ४०० गेले, ५०० वर पेव्हर ब्लॉक आणि कोबा आहे, १०० ची बाग आहे. गच्चीवरचं साधारण नव्वद टक्के पाणी वाहतं, पेव्हर ब्लॉकवरचं पंच्याऐंशी टक्क्यांच्या आसपास, बागेतलं वीस टक्के. तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला, जो आपल्याकडे दर पावसाळ्यात एखादा तास तरी पडतो, तर तुमच्या आवारातून तासाला सुमारे ४०,००० लिटर पाणी बाहेर पडायला हवं. दहा हजार लिटरचे चार टँकर. सेकंदाचा हिशेब केला तर अकरा लिटर.

एक फूट रुंद, एक फूट खोल सिमेंटचं गटार, दर मीटरला पाच मिलिमीटर उतार असलेलं, सेकंदाला सत्तर लिटरच्या आसपास पाणी नेतं. म्हणजे बहुतेक सोसायट्यांचं गटार आकारानं पुरेसं असतं. पाणी तुंबतं त्याचं कारण एकतर गटारात अर्धा फूट गाळ असतो, नाहीतर उतारच मोडलेला असतो, नाहीतर शेवटचं टोक अरुंद असतं. कंपाउंड वॉलमधून रस्त्याच्या गटारात जाणारा पाइप मी कित्येक ठिकाणी चार इंची पाहिला आहे. चार इंची पाइप मीटरला एक सेंटिमीटर उतारावर सेकंदाला जेमतेम सहा लिटर पाणी नेतो. येतंय अकरा, जातंय सहा. उरलेलं पाच लिटर दर सेकंदाला आवारात साचतं. तोच पाइप सहा इंची केला तर पंधरा लिटरच्या वर जातात. हे दोन दिवसांचं काम आहे, आणि तुमच्याकडे पाणी साचण्याचं हेच एक मोठं कारण निघालं तर मला नवल वाटणार नाही. मात्र त्यासाठी महापालिकेच्या गटाराची भिंत फोडावी लागते, तेव्हा प्रभाग समितीच्या कार्यालयातून परवानगी घ्या. रस्ता किंवा फुटपाथ स्वतःहून खोदू नका.

शेवटच्या चेंबरला दोन भाग ठेवा: आधी गाळ बसायला फूटभर खोल खण, मग जाळी, मग पाइप. जाळी काढून धुता येईल अशी हवी. सिमेंटमध्ये पक्की केलेली जाळी जुलैपर्यंत प्लॅस्टिकनं भरते आणि मग कुणीतरी ती तोडून टाकतं.

गच्चीबद्दल थोडं. नियम सांगतो की १०० चौरस मीटर छताला १०० मिलिमीटर व्यासाचे किमान दोन रेनवॉटर पाइप हवेत. तुमची गच्ची ४०० चौरस मीटर असेल तर आठ पाइप. जुन्या इमारतींना बहुधा चार असतात, त्यातल्या एकाच्या तोंडात डांबर गेलेलं असतं आणि एकावर कुणीतरी कुंडी ठेवलेली असते. वॉटरप्रूफिंग करणारे प्रत्येक वेळी जुन्या कोब्यावर नवा कोबा चढवतात, त्यानं पाइपांची तोंडं खड्ड्यात जातात आणि उतार उलटा होतो. गच्चीचं काम करताना ठेकेदाराला लेखी अट घाला की शेवटी गच्चीवर पाणी सोडून दाखवायचं आणि ते कुठेही उभं राहता कामा नये. गच्चीवर पत्र्याची शेड घालण्याचा विचार असेल तर परवानगी लागते हे लक्षात ठेवा. शिवाय पत्र्याचं पाणी पन्हळीतून आपल्याच पाइपात यायला हवं. छताचं पाणी असं उतरवायचं की आपल्या किंवा लगतच्या इमारतीच्या भिंती-पायाला ओल येणार नाही, हे बांधकाम नियमांतच आहे. शेजाऱ्याच्या खिडकीवर पडणारी पन्हळ हा नुसता शिष्टाचाराचा प्रश्न नाही.

आवाराच्या फरशीबाबत माझं मत ठाम आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ठाण्यातल्या सोसायट्यांनी गाड्या लावण्यासाठी मातीचा एक इंच शिल्लक ठेवलेला नाही. पेव्हर ब्लॉकमधून पाणी मुरतं असा समज आहे, पण खाली काँक्रीट ओतलं असेल आणि फटा सिमेंटनं भरल्या असतील तर तो कोबाच. वरच्या हिशेबातले ५०० पैकी २५० चौरस मीटर मोकळे केले, म्हणजे तिथे खडी, माती, झाडांचे वाफे ठेवले, तर ४०,००० लिटरचे ३२,००० होतात. वीस टक्के पाणी कमी, तेही काही न बांधता. मागच्या बाजूला, जिथे गाडी जातच नाही, तिथली फरशी काढायला काय हरकत आहे? झाडांच्या बुंध्याभोवती तर चारही बाजूंनी मीटरभर माती उघडी ठेवाच. बुंध्यापर्यंत काँक्रीट केलेली झाडंच वादळी पावसात आधी पडतात, आणि ती गाड्यांवर किंवा माणसांवर पडतात.

आता रेनवॉटर हार्वेस्टिंग. इथे नियम आणि लोकांची अपेक्षा यांत मोठी तफावत आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. राज्याची एकत्रित विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात, डिसेंबर २०२० पासून लागू आहे आणि ठाणे महापालिकेत तीच चालते. तिच्या तेराव्या प्रकरणात पर्जन्यजल संधारणाची तरतूद आहे. ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर नवं बांधकाम, पुनर्बांधणी किंवा वाढीव बांधकाम करताना अशी व्यवस्था करणं बंधनकारक आहे. ती करून थांबायचं नाही. ती कायम चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा सोसायटीची आहे. नाही केली किंवा नाही राखली तर दर १०० चौरस मीटर बांधीव क्षेत्रामागे वर्षाला १,००० रुपयांपर्यंत आकार लावण्याचा अधिकार महापालिकेला आहे. तुमच्यासारख्या जुन्या इमारतीला हा नियम मुख्यतः पुनर्विकासाच्या वेळी गाठेल. पण शेजारी जी इमारत होतेय तिला आत्ताच लागू आहे, ही गोष्ट लक्षात ठेवा.

नियमात तपशीलही दिलेला आहे. शोषखड्डा किमान १.२ मीटर लांब, १.२ मीटर रुंद आणि २ ते २.५ मीटर खोल. तळाशी निम्म्या खोलीपर्यंत ४० मिलिमीटरची खडी, त्यावर २० मिलिमीटरची, मग जाड रेती, सगळ्यात वर बारीक रेतीचा थर. वरचा थोडा भाग रिकामा. गच्चीचा पाइप गाळणीतून खड्ड्यात आणायचा. पहिल्या पावसाचं धूळमिश्रित पाणी बाहेर सोडून देण्यासाठी व्हॉल्व्ह हवा. पाइपांच्या तोंडांना डास जाणार नाहीत अशी जाळी हवी. आणि या सगळ्यामुळे आपल्या किंवा शेजारच्या इमारतीच्या पायाला ओल येता कामा नये.

आता खड्ड्याची ताकद बघा. १.२ गुणिले १.२ गुणिले सव्वादोन मीटर म्हणजे साधारण ३,२०० लिटरचा खड्डा. पण तो खडीनं भरलेला आहे. पाण्याला जागा उरते ती फार तर चाळीस टक्के, म्हणजे तेराशे लिटर. वरच्या हिशेबातल्या पावसात तुमच्या आवारातून मिनिटाला पावणेसातशे लिटर पाणी येतंय. दोन मिनिटांत खड्डा भरला. म्हणून खड्डे घेतले की पाणी साचायचं थांबेल, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही असं आहे. हे खड्डे भूजलासाठी आहेत, पूर अडवायला नाहीत. संथ, दिवसभर लागून राहणाऱ्या पावसात ते चांगलं काम करतात. जोराच्या पावसात त्यांच्यावरून वाहणारं पाणी गटारात जायला हवं, आणि तो जादा पाण्याचा पाइप ठेवला नाही तर खड्डाच आवारात पाणी उसळवतो. हार्वेस्टिंग केल्यावर पाणी जास्त साचायला लागलं, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या सोसायट्यांत बहुतेकदा हेच झालेलं असतं.

दुसरं म्हणजे जमीन. ठाण्याच्या पश्चिमेला येऊरचा डोंगर, पूर्वेला खाडी. डोंगराच्या पायथ्याशी थोड्या मातीखाली काळा खडक लागतो; खाडीकडे कोलशेत, बाळकुम, कळव्याच्या बाजूला चिकट खाडीमाती आणि वर आलेलं खारट पाणी. या दोन्ही ठिकाणी खड्ड्यातून पाणी मुरत नाही. म्हणून पैसे घालण्याआधी मे महिन्यात एक साधा खड्डा खणून तो पाण्यानं भरा, मुरू द्या, पुन्हा भरा आणि तासाला पातळी किती उतरते ते मोजा. पातळी हलतच नसेल तर शोषखड्डा विसरा आणि साठवणीची टाकी करा. गच्चीचं पाणी टाकीत घेऊन गाड्या धुवायला, बागेला, संडासाच्या फ्लशला वापरता येतं, आणि साठवण हा पर्यायही नियमात आहेच. टाकी पावसाच्या आधी रिकामी ठेवली तर १०,००० लिटरची टाकी त्या जोराच्या तासातला चौथा हिस्सा खरोखर अडवते. माझा कल ठाण्यात नेहमी आधी टाकीकडे असतो. ते पाणी पिण्यासाठी, स्वयंपाकासाठी नको.

शेजाऱ्यांचा प्रश्न नाजूक आहे, कारण कायदा दोन्ही बाजूंनी बोलतो. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यातल्या कलम ७ च्या उदाहरणांत एक जुना हक्क नोंदवलेला आहे: वरच्या जमिनीवर आपसूक पडलेलं, ठरलेल्या प्रवाहातून न वाहणारं पाणी लगतच्या खालच्या जमिनीकडे नैसर्गिकपणे वाहू दिलं गेलं पाहिजे. यातून तुमच्यासाठी दोन प्रश्न उभे राहतात. भराव टाकण्यापूर्वी तुमचं आवार वरचं होतं का? तुमचं पाणी आधी त्यांच्या जागेतून पुढे जात होतं आणि आता भरावानं अडलं असेल, तर तुमची बाजू भक्कम आहे. आणि उलट, आता त्यांचं आवार वर आलं म्हणून ते म्हणतील की आमचं पाणी खाली येणं नैसर्गिकच. ते चालणार नाही. भराव टाकून जमीन उचलली, पाणी पाइपात गोळा केलं आणि भिंतीच्या भोकांतून तुमच्याकडे सोडलं, तर त्याला नैसर्गिक वाहणं म्हणत नाहीत. जुन्या लेव्हल सिद्ध करायला तुमच्या आणि त्यांच्या मंजूर नकाशांच्या प्रती लागतील. महापालिकेच्या शहर विकास विभागाकडे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करा.

वेळ महत्त्वाची आहे. त्या इमारतीला अजून भोगवटा प्रमाणपत्र मिळालेलं नाही, म्हणजे सध्या विकासक ऐकण्याच्या मनःस्थितीत असेल. आधी त्यांच्या आर्किटेक्टला भेटा, लेव्हलचा नकाशा समोर ठेवा आणि तीन मागण्या करा: त्यांच्या हद्दीत भिंतीलगत स्वतंत्र गटार, त्याचा शेवट थेट रस्त्याच्या गटारात, आणि तुमच्या बाजूला एकही पाइप किंवा भोक नाही. भिंत भराव धरून ठेवणारी असेल तर तिच्या मागचं पाणी निघायला भोकं लागतातच, नाहीतर भिंत फुगून पडते. पण त्या भोकांचं पाणी झेलणारं गटार कुणाच्या हद्दीत आणि कुणाच्या खर्चानं, हे आत्ताच लिहून घ्या. भिंत साधी विटांची असेल आणि तिच्यामागे दोन फूट ओला भराव असेल, तर तो मुद्दा सगळ्यात आधी मांडा. तिच्याजवळ मुलांना खेळू देऊ नका आणि गाड्याही लावू नका. समजुतीनं झालं नाही तर नकाशा जोडून शहर विकास विभागाकडे लेखी तक्रार करा आणि निचऱ्याची व्यवस्था तपासल्याशिवाय भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये अशी विनंती करा. दिवाणी कोर्टाचा मनाई हुकूम हा शेवटचा मार्ग. तो मिळतो, पण तोवर एखादा पावसाळा जातो.

जाता जाता घोडबंदर रोडच्या नव्या संकुलांत राहणाऱ्यांसाठी: निचऱ्याचं काम सदोष निघालं तर रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत विकासकाला कळवा. तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्ती करून देणं त्याच्यावर बंधनकारक आहे. सोसायटी हस्तांतरणाच्या गडबडीत ही मुदत निघून जाते. तळघराच्या पार्किंगमध्ये पाणी उतरत असेल तर तेही यातच धरा, कारण आवारातलं पाणी तळघरात जाऊ नये अशी व्यवस्था मुळातच बंधनकारक आहे.

रस्त्याच्या गटारात पाणी पोहोचवल्यावरही एक अडचण उरते, ती भरतीची. नाले शेवटी खाडीला मिळतात. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि मुसळधार पाऊस एका वेळी आला की नाल्याचं पाणी खाडीत शिरत नाही, मागे सरकतं. वंदना टॉकीजचा परिसर, चिखलवाडी हे भाग दर वर्षी का बातम्यांत येतात त्याचं एक कारण हे आहे. तुमच्या शेवटच्या पाइपाला एकाच दिशेनं उघडणारी झडप बसवा, म्हणजे रस्त्याचं पाणी उलटं आत येणार नाही. झडप बंद असेल तेवढा वेळ आतलं पाणी उपसायला छोटा पंप ठेवा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता; तसल्या दिवशी कुठलंच गटार पुरत नाही. त्या दिवसासाठी तयारी वेगळी: वीजमीटरची पाटी आणि पंपाचं पॅनेल कमरेच्या वर उचललेलं, आणि जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीचं तोंड आवारापासून किमान दोन फूट वर बांधलेलं. पुराचं पाणी पिण्याच्या टाकीत जाणं हे घरात पाणी शिरण्यापेक्षा वाईट. कावीळ आणि गॅस्ट्रो पूर ओसरल्यावर येतात.

नवी मुंबईतल्या वाचकांसाठी एवढंच सांगतो की तिथली रचना मुळातच वेगळी आहे. बऱ्याच नोडमधली, म्हणजे सिडकोनं वसवलेल्या उपनगरांतली, जमीन भरतीच्या पातळीपेक्षा खाली असल्यानं सिडकोनं धारण तलाव आणि झडपा ठेवल्या. भरतीत पाणी तलावात थांबतं, ओहोटीला खाडीत जातं. त्या तलावांत खारफुटी वाढली आहे आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर ती हात लावण्याजोगी गोष्ट नाही. त्यामुळे तिथे आपल्या आवारात पाणी थोपवण्याला जास्त किंमत आहे. रो-हाउसवाल्यांनी मागच्या मोकळ्या जागेवर टाकलेल्या लाद्या आणि बंद केलेल्या हाऊसगल्ल्या, म्हणजे घरांमागच्या अरुंद गल्ल्या, आधी मोकळ्या कराव्यात.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. साफसफाईसाठी सेप्टिक टँकमध्ये, मलवाहिनीच्या चेंबरमध्ये किंवा सांडपाणी प्रक्रियेच्या टाकीत माणूस उतरवू नका. २०१९ च्या मे महिन्यात ढोकाळीत एका गृहसंकुलाच्या अशाच टाकीची सफाई करताना तीन कामगार गेले. वायूचा वास येत नाही म्हणजे वायू नाही असं नसतं. हातानं मैला साफ करून घ्यायला बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यानुसार पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ठेकेदारानं उतरवलं, आम्हाला माहीत नव्हतं, असं म्हणून कमिटीनं सुटू नये. सक्शन गाडी मागवा. तसंच, पाणी साचलं म्हणून रस्त्यावरच्या मॅनहोलचं झाकण कुणालाही उघडू देऊ नका. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात मुंबईत उघड्या मॅनहोलमध्ये पडून एका नामवंत डॉक्टरांचा जीव गेला.

खर्च सोसायटीचा, आणि सगळ्यांचा. आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे गृहनिर्माण सोसायट्यांच्या नमुना नियमांत, ड्रेनेज लाइन, गच्ची, कंपाउंड वॉल, आवारातले रस्ते आणि पावसाच्या पाण्यामुळे होणारी गळती ही सोसायटीनं स्वतःच्या खर्चानं करायची कामं आहेत. तळमजल्याच्या दोन घरांना पाणी येतं म्हणून त्यांनी जास्त द्यावं, किंवा गच्चीखालच्या घरांनी गळतीचा भार उचलावा, हे चालत नाही. त्यासाठीच तर बांधकाम खर्चाच्या वार्षिक ०.७५ टक्के दुरुस्ती निधी आणि ०.२५ टक्के सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी, गोळा करायचा असतो. सर्वसाधारण सभेत लेव्हलचा नकाशा आणि वरचा लिटरचा हिशेब भिंतीवर लावा. आकडे समोर असले की चौथ्या मजल्यावरच्यांनाही पटतं.

नोटिशीला उत्तर मुदतीत द्या. त्यात जोडणी मान्य करा, ती तोडण्याची तारीख द्या, नव्या पावसाळी लाइनचा साधा नकाशा जोडा, आणि त्याच पत्रात रस्त्याच्या गटाराच्या तळाची लेव्हल कळवून सहा इंची जोडणीची परवानगी मागा. तो तळ तुमच्या टोकापेक्षा वर निघाला असेल तर तेही आकड्यासकट लिहा आणि पाहणीची मागणी करा, कारण ती दुरुस्ती महापालिकेची आहे. पत्राची एक प्रत प्रभाग समितीच्या कार्यालयात आणि एक मलनिःसारण विभागात द्या, दोन्हीकडची तारखेसह पोच घ्या. काम मे महिन्याच्या आत उरका. जून उजाडला की ठेकेदार, सक्शन गाडी आणि कोरडी जमीन, तिन्ही मिळत नाहीत.